मोहाखालची जागा

"कोणाशी बोलता मावशी?" मी विचारलं.

मोहाच्या बुंध्याला पाठ टेकून बसलेल्या म्हातारीने डोळे उघडले. तिच्यासमोर कोणीच नव्हतं. फुलावर आलेली तूर होती, तिच्यावरून फिरणाऱ्या माश्या होत्या, आणि त्यापलीकडे थंडीतल्या धुरकट उन्हात सातपुड्याची रांग पुसट होत चालली होती.

"आमच्या बुड्याशी," ती म्हणाली. "बस."

मी डोक्यावरचं टोपलं उतरवून बसले. बाबांची भाकर होती त्यात, आणि बाबा शेताच्या दुसऱ्या टोकाला हरभऱ्याला पाणी देत होते. मोहाखाली बसायला आम्हाला लहानपणापासून बंदी होती. "तथी मुंगळे हायेत," आई म्हणायची. त्या दुपारी मला एकही मुंगळा दिसला नाही. गवत मऊ होतं, ऊन पाठीवर येत होतं आणि माझे डोळे मिटायला लागले.

हे आधीच सांगून टाकते. त्या वयात मला दिवसा कुठेही झोप लागायची. बारावीत आपटी खाऊन मी घरी बसले होते, स्थळं येत होती नि जात होती. आई म्हणायची, "ही पोरगी उभ्या उभ्या झोपते, इले सासरी पाठवतानी खाटेसकट पाठवा लागीन." त्यामुळे त्या हिवाळ्यात जे घडलं ते मी पुष्कळसं अर्ध्या मिटल्या डोळ्यांनीच पाहिलंय. कान मात्र उघडे होते.

म्हातारी नव्या वस्तीतली होती. मागच्या उन्हाळ्यात वरच्या जंगलातून कोरकूंचं एक अख्खं गाव उठवून आमच्या गायरानात आणून बसवलं होतं. वाघांसाठी जंगल मोकळं करायचं होतं म्हणे. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशी एकसारखी घरं बांधली, एक हातपंप दिला, तो दिवाळीच्या आत आटला. गायरान गेलं म्हणून आमचे लोक चिडलेले, जंगल गेलं म्हणून ते चिडलेले. ज्यांनी हे सगळं ठरवलं ते जीपमधून आले आणि जीपमधून गेले, त्यामुळे चिडायला समोर एकमेकांशिवाय कोणी उरलं नव्हतं. गावाच्या विहिरीवर त्यांच्या बायका आल्या की आमच्या बायका बादल्या आपटायच्या. मीही आपटली असेल.

"नाव काय तुहं?" म्हातारीने विचारलं.

"सुनंदा."

"घरचं?"

"धोंडी," मी म्हटलं. हे नाव सांगायला मला नेहमीच जड जायचं.

ती माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली. "आमच्यातबी असंच ठेवतेत. देवाची नजर पडू नये मून. तुह्या आंधी कोन गेलं?"

"एक भाऊ होता म्हणे. मी नाही पाहिला."

आणि खरंच मला तेवढंच ठाऊक होतं. एक मुलगा होऊन गेला, हे शेजारणींच्या बोलण्यातून कानावर आलेलं. घरात त्याचा फोटो नव्हता, आई-बाबांच्या तोंडून मी कधी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. लहानपणी एकदा विचारलं होतं तर आई उठून पाणी आणायला गेली, घरात पाणी भरलेलं असताना. पुन्हा मी विचारलं नाही.

म्हातारीचं नाव फुलकाय. तिचा नवरा इथे आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात वारला. तिला त्याचं वाईट वाटत होतं त्याहून जास्त त्याची काळजी वाटत होती. ती मला ते असं समजावून सांगत होती, जसं कोणी मुलाच्या शाळेचं सांगावं.

"मानूस मेला की लगेच जात नाही पोरी. हिंडते. चुलीपाशी येऊन बसते, कोंबड्याईले भेवडते. सागाचा खांब कोरा लागते त्याच्यासाठी, मुंडा. वर सूर्य, चांद. खाली घोडा, घोड्यावर तो. मंग सिडोलीच्या दिवशी, मेलेल्याईच्या सणाले, मोहाखाली उभा कराचा. मंग तो बसते आपल्या लोकाईत. शांत होते."

"मग तुमच्या गावी नाही का अशी जागा?"

"हाय ना. नदीपाशी. माह्या सासऱ्याचा मुंडा हाय, त्याच्या बापाचा हाय, सगळ्याईचे हायेत. आता तथी वाघ बसते. लोक तिकीट काढून पाहाले येतेत."

"मुंडे?"

"वाघ," ती म्हणाली.

मग तिने हाताने मोहाभोवतीची जमीन दाखवली. बुंध्यापासून बैलगाडी वळेल एवढा गवताचा गोल होता. तुरीच्या ओळी सरळ येत होत्या आणि त्या गोलाशी आल्या की वळसा घालून पुढे जात होत्या.

"गाव आमाले पानी भरू देत नाही," ती म्हणाली, "पन तुहा बाप भला मानूस हाय. त्यानं आमच्या बुड्यासाठी जागा ठेवली."

"बाबांनी?"

"मोहाखाली नांगर लावला नाही म्हंजी ती जागा मेलेल्या मानसाची. आमच्या लहान लेकरालेबी कळते. आमी आलो, हे पाह्यलं, तवा मी तेजूले म्हणलं, हे लोक तोंडानं वाईट हायेत, पन जागा ठेवली त्याईनं."

माझे बाबा जमिनीच्या बाबतीत इतके कंजूष की बांधसुद्धा पोखरून पेरायचे. शेजारच्या दादारावशी त्यावरून वर्षाआड भांडण ठरलेलं. त्या माणसाने ही एवढी जागा मोकळी का सोडली असेल, हा प्रश्न त्या दुपारी पहिल्यांदा माझ्या डोक्यात आला. आला आणि उन्हात विरघळून गेला. फुलकाय पुन्हा तिच्या बुड्याशी बोलायला लागली, तिच्या भाषेत, हळू, मध्येच हसत. मला वाटतं मला तिथेच झोप लागली. जागी झाले तेव्हा ती गेली होती आणि बाबा गोलाच्या बाहेर उभे राहून माझ्याकडे पाहत होते.

"ऊठ तथून," ते म्हणाले. रागावले नव्हते. आवाज असा दबका होता, की झोपलेल्या दुसऱ्या कोणाला जाग येऊ नये.

दोन-चार दिवसांनी तिचा मुलगा तेजू घरी आला. तो आश्रमशाळेत शिकलेला, त्याचं मराठी आमच्यापेक्षा साफ. हातात पळसाच्या पानात बांधलेली मोहाची सुकी फुलं होती. ओसरीवर दादाराव चहा पीत बसलेला. दादाराव म्हणजे गावातला पहिला ट्रॅक्टर आणि पहिला सल्ला, दोन्ही न मागता येणार.

"काका," तेजू बाबांना म्हणाला, "मुंडा कोरून होत आलाय. आई म्हणते, तुम्ही दिवस सांगा. जागा तुमची आहे, तर पहिलं पाणी तुमच्या हातचं पडलं पाहिजे."

"कोनती जागा?" बाबा म्हणाले.

"मोहाखालची. जी तुम्ही ठेवलीत."

बाबांच्या हातात कपबशी होती. ती त्यांनी खाली ठेवली. "म्या कोनासाठी काही ठेवलं नाही," ते म्हणाले. "तथी काही उभं कराचं नाही. समजलं?"

दादाराव सरसावून बसला. "आज लाकूड उभं करतीन वामनभाऊ, उद्या म्हणतीन आमचे बापजादे अथी हायेत, सातबारा आमच्या नावानं करा. गायरान गेलंच. आता शेतात घुसा मना."

तेजूने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आम्हाला जमीन नको काका. हातभर जागा पाहिजे, तीही उभ्या लाकडापुरती. दुसऱ्या कोणाच्या शेतात मोह नाही. वर नेलं तर फॉरेस्टवाले पकडतात, मागच्या महिन्यात दुसऱ्या वस्तीतले लोक गेले होते, अजून तारखा चालू आहेत. होळीच्या आत झालं नाही तर बाबा आणखी वर्षभर तसेच राहतील. आई जेवत नाही नीट. म्हणते, तो दारात उभा असताना मी कशी जेवू?"

तेजूने फुलांचा पुडा ओसरीवर ठेवला.

"आमच्यासाठी नाही तर मग ती जागा कोणासाठी ठेवलीय?" तेजूने विचारलं. त्यात आगाऊपणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

बाबा उठून आत गेले. फुलांचा पुडा ओसरीवर राहिला. तेजू मला म्हणाला, "आईला काय सांगू?" मी आतल्या दाराकडे पाहिलं. तो गेल्यावर दादारावने दारातून आत आवाज दिला, "रिकामी दिसते मून डोळा जाते त्याईचा. नांगरून टाकू. मी ट्रॅक्टर पाठवतो परवा. काय म्हणता?"

आतून बाबांचा आवाज आला, "पाहू."

माझ्या बाबांचं 'पाहू' हे गावात प्रसिद्ध होतं. लग्नाला याल का, पाहू. बैल विकता का, पाहू. त्याचा अर्थ हो की नाही हे आईलाही कळायला दोन दिवस लागायचे. दादारावला एवढा वेळ नव्हता. त्याने त्याचा अर्थ 'हो' असा लावला आणि चपला घातल्या.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ओसरीवरचा फुलांचा पुडा उचलला, पदराखाली धरला आणि देव्हाऱ्याशी नेऊन ठेवला. कोरकूंच्या हातचं पाणीही न चालणारी माझी आई. मी पाहतच राहिले.

"आई, बाबा 'नाही' का म्हणाले?"

"तू भाजी नीस."

"हातभर जागा तर मागतात. बाबांना त्याचं काय एवढं?"

आईने माझ्या पुढ्यात मेथी टाकली आणि स्वतः चुलीसमोर बसली. चूल पेटलेली नव्हती. मग एकदम म्हणाली, "आखाडीले मी गुळाच्या दशम्या करतो ना, थे कोन खाते मालूम हाय तुले?"

"बाबा. शेतात नेतात."

"तुह्या बाबाले गूळ आवडत नाही," आई म्हणाली.

हे तर मला माहीत होतं. चहासुद्धा ते फिका पीत. दरवर्षी आखाडीला ते फडक्यात बांधून दशम्या न्यायचे आणि संध्याकाळी रिकामं फडकं आणायचे, आणि मी जन्मापासून हे पाहत आले होते. मी मेथी निसत बसले. काहीतरी अगदी जवळ आल्यासारखं वाटत होतं, झोपेत कोणी आपल्या नावाने हाक मारतंय आणि आपल्याला ओ देता येत नाही, तसं. आईने चूल पेटवायला घेतली. मी पुढे विचारलं नाही, कारण मला भीती वाटली.

परवाच्या सकाळी इतकं धुकं पडलं की गोठ्यातला बैल ओसरीतून दिसेना. बाबा चहा न घेता शेतात गेले होते. ट्रॅक्टरचा आवाज आला तेव्हा आई हातातलं पीठ तसंच टाकून निघाली, चपलाही न घालता. मी तिच्यामागे. पांदणीतून जाताना पुढे फक्त तिची पाठ दिसत होती, कधी तीही नाहीशी व्हायची आणि मी नुसत्या बांगड्यांच्या आवाजामागे चालायचे. मला आठवतं, मी चालता चालता स्वतःला चिमटा काढला होता.

मोहापाशी पोचलो तर ट्रॅक्टर बांधावरच घुरघुरत उभा होता. दादाराव स्वतः चालवत होता. समोर, धुक्यात, मोहाखाली फुलकाय बसलेली. नेहमीसारखी, बुंध्याला पाठ टेकून. आणि तेजू तिच्या शेजारी उभा.

"उठव बुडीले," दादाराव ओरडून सांगत होता. "वामनभाऊच्या वावरात वामनभाऊचा नांगर चालते, तुले काय करा लागते?"

"ती उठत नाही," तेजू म्हणाला. "मी सांगून पाहिलं."

"मंग मी मोह सोडून बाकीचं नांगरतो. बसू दे तिले."

त्याने नांगराचे फाळ खाली सोडले आणि ट्रॅक्टर पुढे घेतला. कडेची तूर आडवी झाली. त्या गोलाच्या उत्तरेच्या कडेला फाळ मातीला लागला, काळी ओली माती वर आली, आणि त्याच वेळी धुक्यातून बाबा आले. हातात फावडं होतं. ते धावत नव्हते, माझे बाबा कधी धावत नसत. चालत आले आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकासमोर येऊन उभे राहिले.

"थांबव," ते म्हणाले.

"अहो तुम्हीच त म्हणले—"

"म्या पाहू म्हणलो होतो. थांबव दादाराव. माहा पोरगा हाय तथी."

दादारावला वाटलं त्याला ऐकू आलं नाही. त्याने ट्रॅक्टर बंद केला. आवाज थांबल्यावर शेतात इतकं शांत झालं की मोहाच्या पानांवरून दव टपकल्याचं ऐकू येऊ लागलं.

"कोन?"

"पोरगा. माहा." बाबांनी फावड्याने जागा दाखवली. नांगराने काढलेल्या त्या पहिल्या तासापासून दोन पावलांवर. "गाव म्हणते नदीवर नेला. म्या अथीच ठेवला होता. तो पेरनीच्या टायमाले सोबत येत जाये. अथी मोहाखाली झोपला होता, मी तिफन हाकत होतो. पान लागलं, गवतातल्या सापाचं. मी तिकडच्या टोकाले होतो. आलो तवा..." ते थांबले. "इनं नको म्हणलं होतं नेऊ. म्याच नेलं."

 आई पुढे गेली आणि वर आलेली माती दोन्ही हातांनी परत तासात लोटायला लागली. मी गेले, मीही लोटली. मला रडू येत होतं आणि ते कोणासाठी हे मला कळत नव्हतं, कारण मी त्याला ओळखत नव्हते. दादाराव खाली उतरला, डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली आणि तसाच उभा राहिला.

फुलकाय उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. गोलाच्या बाहेर आली आणि तेजूलाही हाताला धरून बाहेर ओढलं.

"आमाले मालूम नोतं," ती बाबांना म्हणाली. "इतके दिवस आमी त्याच्या उशाशी बसलो, त्याले न इचारता. मले वाटलं तुमी आमच्यासाठी ठेवली. तुमची रीत आमच्यासारखी हाय असं वाटलं मले."

बाबांनी मान हलवली.

"नाव काय त्याचं?"

मी बाबांच्या तोंडाकडे पाहत होते. आईनेही मातीतून हात काढले. बाबांचे ओठ दोनदा हलले.

"दिनू," ते म्हणाले.

"दिनू," फुलकाय म्हणाली. "केवडा?"

बाबांनी हात कमरेजवळ धरला, मग जरा खाली नेला. हवेतच थोडा वेळ तो हात तसाच राहिला.

"एकटाच हाय अथी?" फुलकायने विचारलं. "तवापासून? कोनी संग नाही?"

हे तिने काही लागावं म्हणून विचारलं नव्हतं. तिच्या गावात मेलेली माणसं रांगेने बसतात, आजा, पणजा, सगळी. एक लेकरू एवढी वर्षं शेतात एकटं, हे तिला पटतच नव्हतं. पण ते ऐकून बाबा मटकन खाली बसले. फावडं बाजूला पडलं. माझ्या आयुष्यात मी त्यांना तसं बसलेलं पुन्हा पाहिलं नाही.

आईने पदराने हात पुसले. तिने फुलकायच्या पायांकडे पाहिलं, ते अनवाणी होते, आईचेही.

बराच वेळ गेला असेल किंवा गेलाही नसेल. धुकं पातळ होऊ लागलं आणि तुरीची फुलं एकेक दिसायला लागली. मग बाबांनी खाली पाहतच विचारलं, "तुह्या बुड्याले लेकरं आवडत होते का?"

फुलकाय हसली. समोरचे दात नसलेलं हसू. "नाताईले खांद्यावरून उतरवत नोता. मी भांडो त्याच्याशी, पोराईचे पाय कामातून जातीन मून."

"रागीट?"

"दारू पेला की गाने म्हणे. रागीट नाही."

बाबांनी आईकडे पाहिलं. मला वाटतं त्या दोघांनी एकमेकांकडे सरळ असं पाहिलेलं मी त्या दिवशीच पाहिलं. आईने मान डोलावली.

"मंग करा उभा," बाबा म्हणाले. "अथी. त्याच्याजवळ."

दादाराव खाकरला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, सातबाऱ्याचंच असणार. पण टोपी हातात असताना त्याला बोलणं जमेना. त्याने ट्रॅक्टर उलटा वळवला आणि येताना आडवी केलेली तूर टाळत टाळत, बांधावरून, बायको बाजूला बसवल्यासारखा हळू नेला.

सिडोलीच्या दिवशी आम्ही तिघं शेतात गेलो. गावातून आणखी कोणी आलं नाही. मला वाटलं होतं येतील, निदान बघायला तरी. दादारावने पाण्याचा टँकर मात्र पाठवला होता, स्वतः न येता, आणि वस्तीतल्या लोकांनी तो काही न बोलता रिकामा केला. विहिरीवरच्या बादल्या त्यानंतरही कितीतरी दिवस आपटत राहिल्या. गायरानाचा वाद तर माझ्या लग्नानंतरही चालू होता. हे सांगितलं पाहिजे, नाहीतर एका खांबाने सगळं मिटलं असं कोणाला वाटेल.

पण त्या दिवशी ऊन होतं. ढोल वाजत होते, बासरी होती, बायका एकमेकींच्या कमरेत हात घालून नाचत होत्या, पुढे-मागे, पुढे-मागे, आणि ते पाहता पाहता मला सवयीप्रमाणे गुंगी येत होती. मुंडा कपड्यात गुंडाळून आणला होता. खड्डा खोदताना बाबांनी स्वतः फावडं मारलं, कुठे मारायचं आणि कुठे नाही हे त्यांनाच ठाऊक होतं. पहिलं पाणी आईने घातलं. आईच्या हातून पाणी घेण्यासाठी फुलकायने ओंजळ पुढे केली आणि आईने तिच्या ओंजळीत, बोटाला बोट लागेल अशा बेताने, पाणी ओतलं.

मग कपडा काढला.

सागाचं लाकूड नवीन होतं, तेल लावलेलं, लालसर. वर सूर्य आणि चंद्र. त्याखाली नाचणारी माणसं, हातात हात घातलेली. आणि खाली घोडा, मान उंच केलेला, एक पाय उचललेला. घोड्यावर डोक्याला फेटा बांधलेला एक माणूस होता. त्याच्यापुढे, घोड्याच्या मानेला धरून, एक लहान मूल बसलेलं होतं.

आम्ही सांगितलं नव्हतं. बाबांनी नाही, आईने नाही. बाबा तेजूकडे वळले.

"आईने आणखी एक आकृती कोरायला सांगितली," तेजू म्हणाला. "म्हणाली, वाट लांब आहे, पोराला पुढे घ्या. तुमच्यात तसं चालत नसेल तर..."

"असेना," बाबा म्हणाले. "असेना का."

आई मुंड्यापाशी गेली. खाली बसली. चेहरा इतका जवळ नेला की मला वाटलं ती त्याला हुंगते आहे. बोटाने तिने म्हाताऱ्याचा हात शोधला, तो मुलाच्या पोटावरून आला होता.

"घट्ट धरलं हाय ना त्यानं?" तिने फुलकायला विचारलं.

"धरलं," फुलकाय म्हणाली. "तो सोडत नाही कोनाले."

आईने कमरेला खोचलेल्या पदराची गाठ सोडली. त्यात गुळाची दशमी होती, आखाडी नसताना केलेली. तिने तिचे दोन तुकडे केले आणि दोन्ही घोड्याच्या पायाशी ठेवले. मग काहीतरी ठरवल्यासारखं करून एक तुकडा उचलला, त्याचाही अर्धा मोडला आणि फुलकायच्या हातात दिला. फुलकायने तो तिथेच खाल्ला.

मी मागे मोहाच्या सावलीत उभी होते. ढोल लांब गेल्यासारखे वाटत होते. लहानपणापासून या शेतात मला कोणीतरी माझी वाट पाहतंय असं वाटत आलं होतं, आणि झोपाळू पोरीला काहीही वाटतं म्हणून मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. बाबांनी मागे वळून मला शोधलं.

"धोंडे," त्यांनी हाक मारली, "अशी लांब काहून उभी? इकडे ये. हा तुहा दादा हाय. पाया पड."

मी गेले. मी एकोणीस वर्षांची होते आणि माझा दादा माझ्या वितीएवढाही नव्हता. घोड्यावर बसल्यामुळे त्याचा पाय बरोबर माझ्या हाताशी आला. तो तुरीच्या दाण्याएवढा होता, आणि कोरणाऱ्याने त्याला बोटंसुद्धा काढली होती. मी त्यावर बोट टेकवलं आणि ते कपाळाला लावलं.